पाच काय?

त्या मुलीनं रुमालाखाली माझी तीन बोटं दाबली आणि जत्रेतला पाळणा वरून एकदम खाली यावा तसं मला झालं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसणार. दुपारचे चार वाजून गेलेले, कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं आमचं गुळाचं जुनं गोदाम, छपरातल्या काचेच्या कौलांतून खाली उतरलेले उन्हाचे तुकडे, आणि मधल्या दगडी कट्ट्यावर समोरासमोर बसलेल्या दोन बायका. एक पंचविशीची, एक पंचावन्न ओलांडलेली. मधे कापड आणि कापडाखाली दोघींचे हात. बस, एवढंच. भिंतीकडेच्या दोन मोठ्या स्पीकरांतून यंत्रमागांचा खडखडाट चाललेला, इतका की शेजारचा खोकला तरी नुसतं तोंड उघडमीट केल्यासारखं दिसत होतं. ह्यालाच त्यांचा प्रयोग म्हणायचं. एकेकानं यायचं, कट्ट्यावर बसायचं, कापडाखाली हात घालायचा, आणि मनाली, म्हणजे ती मुलगी, त्या हाताशी काहीतरी बोलणार. काय ते विचारायचं नाही. मी म्हटलं होतं, मी आपली दाराशी बरी, जागा माझी म्हणून काय सगळ्यात हात घालायचा? तर म्हणाली, "काकू, जागा तुमची तर हात पण तुमचाच पयला." बसले. कापड कबनूरच्या मागावरचं, कोरं, खळीचा वास अजून न गेलेलं. तिनं माझी तीन बोटं धरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला मात्र त्या सगळ्या खडखडाटात स्पष्ट ऐकू आलं: तीन. रंकाळा.

आता तीन म्हणजे रंकाळा कसं, ते सांगायला मागे जावं लागेल. माझे सासरे तवनाप्पा, आमचे मामंजी, ह्याच कट्ट्यावर बसून गुळाचे सौदे करायचे. इकडे विकणारा, तिकडे घेणारा, मधे रुमाल. कशाचा आकडा ते तोंडानं बोलायचं, चारचौघांच्या देखत, खणखणीत. आकडा मात्र रुमालाखाली. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. वर तोंडं कशी, मयताला आल्यासारखी, आणि खाली बोटांची मारामारी. हात काढून घेतला की सौदा मोडला. रुमाल उचलला की सौदा पुरा. मग शपथा घाला नाहीतर रडून दाखवा, बदल नाही. "रुमाल उचलला, तोंड मिटलं," असं मामंजी म्हणायचे, आणि मिटलेल्या तोंडात गुळाचा खडा टाकायचे. बायकांचं तिथं काय काम? मी कुरुंदवाडहून लग्न होऊन आले तेव्हा मला गोदामाचं फक्त मागचं दार ठाऊक झालं. तिथून चहाची भरलेली किटली आत जायची आणि रिकामी बाहेर यायची. किटली माझ्यापेक्षा जास्त सौदे बघून आली असेल. पण बोटांची ही भाषा मला आली, ती जिनेशमुळे. माझे मिस्टर, आता नावानं लिहायला हरकत नाही, वाचून लाजायला ते नाहीत. आमची खोली आणि मामंजींची खोली, मधे लाकडी फळ्यांची भिंत. त्या भिंतीला कान नव्हते, सरळ फटीच होत्या. मग रात्री अंगावरच्या वाकळेखाली बोटांनी बोलायचं. एक बोट म्हणजे, रागावलीस काय. दोन म्हणजे उद्या पिक्चर. तीन म्हणजे, संध्याकाळी काहीतरी निमित्त काढ, रंकाळ्यावर जाऊ. चार म्हणजे आबा, म्हणजे मामंजी, जागे आहेत, गप. आणि पाच? पाच असं की सगळा पंजा धरायचे आणि सोडायचेच नाहीत. मी कानाशी तोंड नेऊन विचारायची, "पाच काय?" ते हसल्याचं नुसतं कळायचं. "काय पण," म्हणायचे, "तू म्हणशील ते." शेवटच्या आजारात, दवाखान्यात, सलाइन लावून लावून सुजलेल्या हातानं त्यांनी माझा सगळा पंजा धरला. मी सवयीनं विचारलं, पाच काय? उत्तर यायच्या आत नर्स आली, मग डॉक्टर आले, मग नातेवाईक आले. तो प्रश्न तसाच घरी आला. पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीसारखा तो तेव्हापासून दाराआड उभा आहे. फेकवत नाही आणि वापरताही येत नाही.

मनालीनं हात सोडला तेव्हा मी उठले. भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले. माझ्या जागी लगेच एक कॉलेजची मुलगी बसली, तिनं कापडाखाली हात घातला आणि डोळे मिटून घेतले. रांग चांगली पंचवीस-तीस माणसांची होती. आणि रांगेच्या मागे, दाराशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझा दीर अभिनंदन बसला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर मोबाईल पालथा, आणि चेहरा असा की बँकेत टोकन घेऊन बसलाय. त्याचं टोकन माझ्याकडे होतं, माझ्या कमरेला: गोदामाची किल्ली. अर्धी जागा त्याची, अर्धी जिनेशची म्हणून माझी. त्याला ती एका फरशीवाल्याला शोरूमसाठी द्यायची होती. काच लागणार, एसी लागणार, कट्टा फुटणार. फरशीवाला उद्या येणार होता. "वैनी, शनिवारचा तुमचा खेळ हुईपर्यंत गप बसतो," अभिनंदननं मंगळवारी सांगितलं होतं, "पण मग व्हय का न्हाय ते सांगायचं. न्हायतर लोक म्हणतील दिराभावजयीत वाजलंय." तो वाईट नाही हो. जिनेश गेल्यावर वर्षभर रोज सकाळी येऊन माझ्या दारात पेपर टाकून जायचा, बेल न वाजवता, मी जागी आहे का ते पडद्यावरून बघून. गोदाम रिकामं पडलेलं त्याला बघवत नव्हतं इतकंच. गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला, मामंजी गेले, जिनेश गेले. राहिल्या त्या मुंग्या. त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. दर उन्हाळ्यात दाराच्या उंबऱ्याखालून त्यांची रांग निघते, कट्ट्यापर्यंत येते, काही न मिळता परत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. श्रद्धा म्हणावी तर ही. "जागा पडून राह्यली की जागेला वास येतो," अभिनंदन म्हणतो. मी त्याला म्हणते, येऊ दे की, गुळाचाच येतोय. पण खरं सांगायचं तर त्या बाकावर बसले तेव्हा मी मनातल्या मनात किल्ली देऊन टाकलेलीच होती. दिराशी भांडायचं वय राहिलं नाही, आणि ज्यासाठी भांडायचं ते नेमकं काय आहे हे मला तरी कुठं कळत होतं? मनालीला मी काही सांगितलेलं नव्हतं. तिचा हा प्रयोग ह्या जागेतला शेवटचा आहे हे गोदामात फक्त दोघांना माहीत होतं, आणि दोघंही घड्याळ बघत होते.

ही पोरं आली तो दिवस आठवला. मनाली आणि तिच्याबरोबर प्रसेनजीत. ती अंगानं काहीतरी करते, तो आवाजाचं करतो. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, जागा बघायला आलोय. प्रयोग करायचाय." मी दहावी झालेली बाई, प्रयोग म्हटल्यावर मला शाळेतली बुनसेनची बत्ती आठवली. विचारलं, "स्फोट होणार न्हाई न्हवं?" प्रसेनजीतनं इतका गंभीर विचार केला आणि म्हणाला, "झाला तर बरं होईल काकू, पण आजवर झाला नाही." सगळ्या हॉलवाल्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. कुणी विचारलं नाटक आहे का, तर हे म्हणायचे नाही, नाच आहे का, तसं पण नाही, मग गाणं? थोडं. ज्याचं नाव नाही त्याचं बुकिंग कसं करायचं, असा हॉलवाल्यांचा सवाल, आणि तो काही चुकीचा नव्हता. पंचगंगेच्या घाटावर सराव केला तर धुणं धुणाऱ्या बायकांनी पोरीला कुणीतरी फसवलंय असं समजून घरी पोचवायची तयारी केली. मी किल्ली काढून दिली. का दिली? अभिनंदननं पण हेच विचारलं. "कुठली पोरं? आडनाव काय? काम काय करतात?" मी म्हटलं, आडनाव विचारलं नाही, काम विचारलं, ते सांगितलं त्यांनी, पण मला कळलं नाही. माझी अट एकच होती. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत माझं जेवण झालेलं असतं, आणि गोदाम बंद केल्याशिवाय मला घास उतरत नाही. म्हणजे काय करायचं ते उजेड आहे तोवर. त्यामुळे कोल्हापुरातले हे सगळे प्रयोग चारला सुरू होतात आणि काचेच्या कौलांतून जेवढं येईल तेवढ्या उन्हात होतात. बाहेरगावच्या कुणीतरी मोठ्या माणसानं प्रकाशयोजना कुणाची म्हणून फार वाखाणणी केली, तेव्हा प्रसेनजीत म्हणाला, "दुसरीकडं लायटिंगला माणूस असतो सर. आमच्याकडं काकूंचं जेवण हाय."

पहिल्याच प्रयोगाला जे झालं ते मात्र विसरता येत नाही. प्रसेनजीत गोदामाच्या मधोमध रिकाम्या बारदानांवर उताणा पडला होता. नुसता पडला होता. ते मरणाबद्दल होतं असं नंतर कळलं. आमच्या गल्लीतली माणसं, काय आहे बघूया म्हणून आलेली, भिंतीला टेकून उभी. पाच मिनिटं झाली, पोरगा हलेना. सात झाली. पलीकडच्या गल्लीतले हंबीरराव, एके काळचे तालमीतले वस्ताद, आता गुडघे गेलेत पण छाती आणि आवाज शाबूत, त्यांच्यानं राहवेना. "पावणं," त्यांनी हाक मारली, "ओ पावणं! काय हुतंय तुमास्नी?" पावणं गप. "आरं फेफरं हाय ह्ये! बघताय काय? कांदा आणा, कांदा!" आणि सगळं गोदाम धावलं. पण आमची जैनांची गल्ली. चार घरं पालथी घातली तरी कांदा कुठून मिळणार? शेवटी हंबीररावांनी पायातली चप्पल काढली. अस्सल कापशीची, करकरणारी, तेल पाजलेली. ती नाकाशी आली तसा प्रसेनजीत उठून बसला. टाळ्या झाल्या. हंबीररावांना वाटलं त्या त्यांच्यासाठी. त्यांनी सगळीकडे हात जोडले. मी मागच्या दारात मेल्याहून मेल्यासारखी. वाटलं, आता ही पोरं जातात, आमच्या अडाणीपणाला हसत नाहीतर चिडत. प्रसेनजीत घाम पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, मी सगळीकडं मेलोय. पुण्यात मेलो, मुंबईत मेलो, लोक शांत बसून बघतात. कोल्हापूर मरूच देत नाही." आणि हसत सुटला. पुढच्या प्रयोगात त्यांनी ते घातलं. म्हणजे लोक मधे पडणार हे धरूनच रचायला लागले. मनाली एका घागरीतलं पाणी ओंजळीनं दुसरीत नेत होती तर तीन बायका पदर खोचून उठल्या. गारगोटीची एक शिक्षिका यायची, ती भिंतीवर नुसत्या पाण्यानं चित्रं काढायची, वाळली की संपली, तर हंबीरराव वाळायच्या आत मोबाईलवर फोटो काढून तिला म्हणायचे, "घाबरू नका, म्या धरून ठिवलंय." आमच्याकडे बघे नाहीतच. आमच्याकडे सगळे मधले.

आता ह्यातलं मला कळतं किती, तर निम्मंसुद्धा नाही. मनालीला मी एकदा तसं सांगितलं. ती कट्ट्यावर बसून कणसं सोलत होती. म्हणाली, "काकू, आमच्या घरात कुणाला ऐकू येत न्हाय ठाऊक हाय न्हवं?" तिच्या वडलांचे कान मागांनी नेले. कबनूरमधे एकाच शेडमधे तीस वर्षं. आई कांड्या भरायला तिथंच. त्या खडखडाटात बोलून उपयोग नाही, म्हणून माणसं हातानं बोलतात: चहा, सूत तुटलं, मालक आला, पोरगी शाळेतून आली का. मग घरी येऊन पण हातानंच. "मला शब्द उशिरा आले," ती म्हणाली, "आधी हात आले. मला वाटायचं सगळ्यांच्या घरात असंच असतंय." तेव्हा मी तिला रुमालाच्या सौद्याचं सांगितलं होतं. वाकळेचं नव्हतं सांगितलं. ते कसं सांगणार? नुसतं एवढंच की ह्या कट्ट्यावर पूर्वी माणसं कापडाखाली बोटांनी बोलायची. तिनं कणीस खाली ठेवलं आणि कट्ट्यावरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणजे आजच्या प्रयोगात माझंही काहीतरी होतं. पण ते एवढं परत येऊन मलाच चावेल असं वाटलं नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या मी माझी तीन बोटं दुसऱ्या हातात धरून ठेवली होती. समोर एकेक माणूस बसत होतं, उठत होतं. एक म्हातारी उठली ती हसत, पदरानं तोंड झाकून, नवी नवरी असल्यासारखी. एक रिक्षावाला उठला तो सरळ बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. हंबीरराव बसले, आणि त्यांचा तो बैलाएवढा देह हळूहळू पुढे झुकत गेला, कपाळ कापडाला टेकेपर्यंत. ह्या सगळ्यांना मनाली काय म्हणाली असेल? काहीच नसेल. नुसती बोटं दाबली असतील. आतलं ज्याचं त्यानं आणलेलं. मग मला एकदम वाटलं, ही जागा गेल्यावर हे लोक हात घेऊन जाणार कुठं? हा विचार आला आणि मी त्याला गप बसवलं. उगीच. फरशीवाला काय वाईट आहे? लोकांना फरश्या लागतात.

रांग संपली. ऊन कट्ट्यावरून उतरलं की स्पीकरांतले माग बंद करायचे असं पोरांचं ठरलं होतं. अजून एक तुकडा कट्ट्याच्या कडेवर अडून बसलेला, माग चालूच. तेवढ्यात अभिनंदन उठला. खुर्ची मागे सरकली असेल, आवाज कुठला ऐकू येतोय! त्यानं घड्याळावर बोट ठेवून मला खूण केली आणि सरळ येऊन कट्ट्यावर बसला. त्याला फक्त बोलायचं होतं. माझ्या बाकाजवळ बसायला रिकामी जागा तेवढी एकच. पण लोकांना वाटलं, हा शेवटचा गडी. सगळे कट्ट्याभोवती सरकले. मनालीला वाटलं तेच. तिनं कापड पुढं केलं. अभिनंदननं मान हलवून माझ्याकडे बोट केलं. तशी ती उठली, मला दंडाला धरून आणलं आणि आपल्या जागी बसवलं, अगदी पाटावर बसवावं तसं. आता आमच्या दोघांच्या मधे ते कोरं कापड. अभिनंदन काहीतरी बोलला. मिशी असलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. मी कानावर हात ठेवून दाखवला. तो वैतागला, पुन्हा ओरडला असावा, मानेच्या शिरा दिसल्या. आणि मग जे झालं ते त्यानं केलं असं म्हणता येणार नाही, ते त्याच्या हातानं केलं. तरुणपणी वीस वर्षं तो ह्याच कट्ट्यावर, ह्याच बाजूला बसला होता. पुढ्यात कापड आलं, समोर माणूस आलं, आणि त्याचा उजवा हात आपोआप कापडाखाली गेला. मग माझाही गेला. एक बोट. त्यानं माझं एक बोट दाबलं. म्हणजे जागा सोडायला एवढी मुदत देतो म्हणत होता. मी मान हलवली. दोन. दोन दाबल्यावर मी त्याच्याकडे बघितलं तर चेहरा तोच, मयताला आल्यासारखा, मामंजींचा. मला हसू यायला लागलं. कोल्हापुरातला शेवटचा रुमालाखालचा सौदा आणि त्यात एक बाई! तीन. तीन दाबली आणि माझं हसू गेलं. त्याला काय माहीत तीन म्हणजे काय. मी हात सैल सोडला. त्यानं वाट बघितली. मग त्याचा हात मागे सरकायला लागला. हात निघाला की सौदा मोडला, आणि सौदा मोडला की किल्ली. माझा डावा हात कमरेशी जाऊन पोचलासुद्धा होता. तेवढ्यात मी त्याचा निघालेला हात धरला. सगळा पंजा. आकडा म्हणून नव्हे. मला कुठं आकडे लावायचे होते? रस्त्यावर उतरणाऱ्याला मागे खेचावं तसा धरला. आणि धरल्यावर कळलं की अंगठ्याच्या मुळाशी तेच हाड आहे, तसंच बाहेर आलेलं, दोघा भावांचं एकच. त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तो हात ओढायचा थांबला. कट्ट्याकडे बघितलं त्यानं, छपराकडे बघितलं, नाक ओढलं. मग त्यानं माझा पंजा एकदा घट्ट दाबला आणि डाव्या हातानं कापड उचललं. त्याच क्षणी ऊन कट्ट्यावरून उतरलं आणि प्रसेनजीतनं माग बंद केले.

एवढी शांतता मी त्या गोदामात कधी ऐकली नव्हती. कानात नुसतं गुणगुणत होतं.

"पाच," अभिनंदन म्हणाला. आवाज चढवूनच, अजून माग चालू असल्यासारखा. मग खाली आणत, "ठरलं वैनी. पाच म्हैने. पाच म्हैन्यानं किल्ली."

"म्हैनं कवा म्हणालासा?" हंबीरराव.

"म्हणालो की. बसल्या बसल्या म्हणालो."

"आमी काय हितं हरभरं खात बसलोय? कुणी ऐकलं काय रं, म्हैनं?"

"न्हाय!" सगळं गोदाम एका तोंडानं.

"आवो, मागाचा आवाज चालू हुता!"

"आवाज हुता म्हंजे बोलला न्हाईसा. कशाचा आकडा त्ये तोंडानं, खणखणीत. तुमच्या वडलांचा कायदा हाय, आमी बारक्यापणी दारातनं बघितलाय. रुमाल उचलला, तोंड मिटलं. आता आकडा ऱ्हायला पाच. कशाचं पाच त्ये वैनीस्नी इचारा. पंजा त्येंनी धरलता."

मनाली आणि प्रसेनजीत एकमेकांकडे बघत होते. हे त्यांनी रचलेलं नव्हतं. रिक्षावाला दारातून आत आला होता. अभिनंदननं रुमालाचं टोक हातात धरलेलं तसंच होतं. लहानपणी जिनेशबरोबर खेळताना डाव हरला की तो असाच बसत असणार. मग त्यानं माझ्याकडे तोंड केलं आणि हळू विचारलं, "पाच काय, वैनी?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी विचारत आले. मला कुणी विचारेल असं कधी मनातही आलं नव्हतं. खरं उत्तर द्यायचं तर मी म्हणायला हवं होतं की बाबा, मी आकडा दाबलाच नाही, मी नुसता हात धरला. पण त्या कट्ट्यावर सगळा पंजा म्हणजे पाच, आणि दुसरीकडे कुठं तरी, वाकळेखाली, सगळा पंजा म्हणजे, तू म्हणशील ते. मागून कुणीतरी पुटपुटलं, "वर्षं." मग दुसरं कुणी. मग कुस्तीच्या मैदानात एकाच पैलवानाचं नाव घेतात तसे सगळेच. मला सांगून देत होते, आमचे हे सगळे मधले. पण त्यांची गरज नव्हती. त्यानं प्रश्न विचारला तेव्हाच माझं ठरलं होतं.

"वर्षं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका खणखणीत.

हंबीररावांनी शिट्टी मारली. अभिनंदननं टोक सोडलं. थोडा वेळ तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला, तिथं काही लिहिलंय का बघावं तसं. "आबा असते," तो म्हणाला, "तर मला चपलेनं मारलं असतं. आवाजात सौदा करतोस व्हय रं, म्हणून." आणि त्याला जे हसू फुटलं ते आधी मिशीत अडकलं, मग बाहेर पडलं. "फरशीवाल्याला काय सांगू मी?"

"सांग, फरशीला मुंग्या लागत्यात."

"गूळ कुठाय पण? सौदा झाला की तोंड गोड करतात, का ती रीत मोडली?"

गुळाच्या गोदामात गूळ नव्हता. मग अभिनंदन स्वतःच कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि कागदात बांधलेला ढेकळाएवढा तुकडा घेऊन आला. कट्ट्याच्या कडेवर आपटून फोडला, अगदी मामंजी फोडायचे तसा, आणि सगळ्यांना खडा खडा वाटला. मनालीला मी आता बाजूला घेऊन सगळं सांगितलं, फरशीवाल्यापासून. तिनं माझा हात धरला फक्त, उघड्यावर, रुमालाशिवाय. किती बोटं ते मी मोजलं नाही. तेवढ्यात अभिनंदन तिच्यापुढं येऊन उभा राहिला, गूळ चघळत, जरा लाजत. "काय गं पोरी, मला काय सांगणार होतीस मगाशी?"

"बसा की मग," मनाली म्हणाली.

तो बसला. प्रसेनजीतनं माग लावायला हात पुढं केला तर त्यानंच थांबवलं. त्या शांततेत, कोऱ्या कापडाखाली त्याचा हात गेला. ती काय म्हणाली ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. रुमालाखालचं ते रुमालाखाली.

बाहेर ऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवर चढलं होतं, म्हणजे माझ्या जेवणाला जेमतेम वेळ उरला होता. ते जेवण आज चुकणार हे दिसत होतं, आणि वाईट वाटत नव्हतं. उजेड होता तोवर मी माझा खडा तोंडात टाकला. त्यातला कण निसटून खाली पडला, कट्ट्याच्या पायाशी. उचलायला वाकले तर तिथं मुंगी आधीच पोचली होती. तिच्या मागं दुसरी. उंबऱ्यापासून कट्ट्यापर्यंत नेहमीची रांग. बापड्या रोज येतात. मी कण तसाच राहू दिला, आणि किल्ली कमरेला पुन्हा नीट खोचली.